पापणी का उघडत नाही?

जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस बाळ डोळे नीट उघडत नाही. याची काळजी कुणी करत नाही आणि करायचं कारणही नसतं. जन्माच्या वेळी पडलेल्या दाबाने पापण्या सुजलेल्या असतात, उजेड नवा असतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत जातो. चार-पाच दिवसांत सूज उतरते. मग न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या किंवा आजीच्या लक्षात येतं, की एक डोळा अर्धाच उघडतो आहे. कधी दोन्ही. घरात समजुतीची बोलणी सुरू होतात : झोपेत आहे, हळूहळू उघडेल, काजळ घाला म्हणजे डोळे मोठे होतील. कुणीतरी बाळंतिणीला विचारतं, गरोदरपणी ग्रहण पाहिलं होतंस का? त्या प्रश्नाने ती जी गप्प होते, ती पुढे दवाखान्यातही नीट बोलत नाही. निदानाचं पहिलं नुकसान तिथेच होतं, कारण या आजाराची बरीचशी माहिती तिच्याकडेच असते.

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. दक्षिणेला निघालेली नदी इथे उत्तरेकडे वळते म्हणून हे तीर्थ. कोरीव दगडी मंदिरांमुळे त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. ज्या मार्कंडेयाच्या नावाने गाव ओळखलं जातं, त्याची कथा अल्पायुषी ठरलेल्या मुलाची आणि त्याच्या आईबापांची आहे. लेकरासाठी हात जोडायला याहून योग्य जागा सापडणार नाही. हात जरूर जोडावेत. मात्र डोळ्याच्या बाबतीत दिवस फार मोलाचे असतात, आणि ते का, हे बोस्टनमधल्या एका प्रयोगशाळेत मांजरीच्या पिलांमुळे कळलं.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या हार्वर्डच्या दोघा शास्त्रज्ञांनी नुकत्याच डोळे उघडू लागलेल्या पिलांची एका डोळ्याची पापणी टाके घालून बंद ठेवली. दोन-तीन महिन्यांनी टाके काढले. डोळा शाबूत होता, बाहुली आकसत होती, आतला पडदाही ठीक होता. तरी त्या डोळ्याने पिलू जवळजवळ आंधळं होतं. मेंदूच्या दृष्टीकेंद्रातल्या पेशी उघड्या डोळ्याच्या ताब्यात गेल्या होत्या. बंद डोळ्याला उत्तर देणाऱ्या पेशी जेमतेम उरल्या होत्या. हाच प्रयोग मोठ्या मांजरावर केला तर असं काही होत नव्हतं. हे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८१ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. जन्मानंतर काही काळ मेंदू पाहायला शिकत असतो आणि त्या काळात ज्या डोळ्याकडून त्याला चित्र मिळत नाही, त्या डोळ्याची जागा तो दुसऱ्याला देऊन टाकतो. नंतर पापणी कितीही सुंदर उचलली तरी गेलेली नजर पूर्णपणे परत येत नाही. मराठीत याला मंददृष्टी म्हणतात, डॉक्टर ‘लेझी आय’ म्हणतात. माणसाच्या बाळात हा काळ काही वर्षांचा असला, तरी पहिले महिने सगळ्यांत नाजूक असतात.

म्हणून घरातच पाहण्याची पहिली गोष्ट ही : पापणी बाहुलीवर येते का? ती बाहुलीच्या वर थांबत असेल, तर शोध सावकाश करायला सवड आहे. बाहुली झाकली जात असेल तर नाही. एक सोपी परीक्षा आईलाही करता येते. बाळ तीनेक महिन्यांचं झालं की एक डोळा हाताने हलकेच झाकायचा. झाकला तो चांगला डोळा असेल तर बाळ कुरकुरतं, मान हलवून हात टाळतं. कमी दिसणारा डोळा झाकला तर त्याला फरक पडत नाही. डोळ्यांचे डॉक्टरही लहान बाळाची नजर जोखताना हेच पाहतात.

गडचिरोली जिल्ह्याला नवजात बाळांकडे बारकाईने पाहण्याचा मोठा वारसा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात इथल्या ३९ गावांमध्ये, गावातल्याच बायकांना शिकवून, घरच्या घरी नवजात बालसेवा दिली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या गृहभेटी याच पायावर सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. तिच्या फॉर्ममध्ये डोळ्यांविषयी प्रश्न आहे, पण तो सूज आणि पू यांचा. डोळे सारखे उघडतात का, हे तिला विचारलेलं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात जन्मजात दोषांची नऊ नावं आहेत. दुभंगलेले ओठ-टाळू आहेत, वाकडे पाय आहेत, जन्मजात मोतीबिंदू आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाचा आजार आहे. पापणी नाही. दृष्टिदोष नावाचा वेगळा रकाना आहे, त्यात ती पुढे कधीतरी येऊ शकते. माझं ठाम मत आहे की आशाताईच्या अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीत एक ओळ वाढवावी : दोन्ही डोळे सारखे उघडतात का? खर्च काही नाही, यंत्र लागत नाही, आणि सूज तोवर पूर्ण उतरलेली असते.

आता पापणीकडे. गर्भात साधारण आठव्या-नवव्या आठवड्यात वरची आणि खालची पापणी एकमेकींना चिकटतात आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास सुट्या होतात. या मधल्या काळात त्या बंद दाराआड डोळा घडत असतो. सुटं होणं अर्धवट राहिलं तर दोन पापण्यांमध्ये कातडीचे बारीक धागे उरतात. प्रागच्या योसेफ फॉन हास्नर यांनी १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. धागे डॉक्टर मिनिटभरात कापतात. पण ते कापून बाळाला घरी पाठवलं की काम संपलं, असं समजू नये. असे धागे कधी कधी गुणसूत्रांच्या किंवा टाळू-त्वचेच्या मोठ्या दोषाची खूण असतात, म्हणून हृदय, टाळू, हातापायाची बोटं तपासायचीच. जन्मतःच पापण्या उलट्या होऊन लालभडक आतली बाजू बाहेर आली, तर पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात हा प्रकार बहुधा ओल्या सलाइनच्या पट्टीने आणि डोळ्याच्या मलमाने काही आठवड्यांत बसतो. उलट, पापणीच्या कडेला खाच असणं दिसायला किरकोळ वाटतं, पण त्या खाचेतून बुबुळ उघडं राहतं आणि कोरडं पडून त्यावर फूल पडू शकतं. दिसायला भयंकर आणि खरोखर धोक्याचं, यांचा मेळ या आजारांत फार कमी वेळा बसतो.

सगळ्यांत जास्त दिसते ती खाली आलेली पापणी, डॉक्टरांच्या भाषेत टोसिस. वरची पापणी उचलणारा एक स्नायू असतो. काही बाळांत तो नीट बनलेलाच नसतो. स्नायूच्या तंतूंच्या जागी चरबी आणि ताठर धागे असतात. असा स्नायू आवळत नाही आणि सैलही पडत नाही. म्हणून एक गमतीची खूण मिळते : बाळ समोर पाहतं तेव्हा ती पापणी खाली असते, पण बाळ खाली पाहू लागलं की तीच पापणी दुसरीपेक्षा वर राहते. ही खूण दिसली की दोष जन्मजात स्नायूचा, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. आणखी एक परीक्षा आहे. डॉक्टर बाळाची वरची पापणी अलगद उलटून ठेवतात. बाळाने वर पाहिल्यावर ती आपोआप सुलटी झाली तर स्नायूत जोर आहे. नाही झाली तर पुढे शस्त्रक्रियेत पापणी कपाळाच्या स्नायूला दोरीने जोडावी लागेल, हे त्याच वेळी कळतं.

पण आईला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. अंगावर पिताना पापणी हलते का? लंडनचे रॉबर्ट मार्कस गन यांनी १८८३ मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीची नोंद केली. तिची पापणी खाली असे, पण जबडा हलवला की झटक्यात वर जाई. जबड्याच्या स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूची एक शाखा गर्भातच वाट चुकून पापणीच्या स्नायूला जोडली गेलेली असते. लहान बाळात हे दिसतं ते दूध ओढताना. डॉक्टरांच्या टेबलावर बाळ रडत असतं, तिथे ते दिसत नाही. पाजणाऱ्या आईला मात्र पहिल्या आठवड्यापासून ठाऊक असतं. ग्रहणाच्या प्रश्नाने गप्प झालेली आई हे सांगत नाही, आणि सांगितलं नाही तर तपासण्यांची रांग लागते.

असेच बाकीचे प्रश्न. सकाळी पापणी ठीक आणि संध्याकाळी खाली, असं होतं का? तसं असेल तर मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यातल्या आजाराचा विचार करावा लागतो. डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला आणि बाहुली मोठी आहे का? मग मेंदूतून येणारा तिसरा मज्जातंतू अधू आहे. पापणी किंचितच खाली, बाहुली बारीक आणि त्या डोळ्याचा रंग फिका, असं तर नाही ना? ही खूण सगळ्यांत हळू आवाजात बोलते आणि तीच सर्वांत गंभीरपणे घ्यायची, कारण पापणीचा एक छोटा स्नायू ज्या मज्जातंतूवर चालतो, तो छातीतून मानेवर चढून डोळ्याकडे येतो आणि वाटेत कुठे गाठ असली तर तो दाबला जातो. बाळंतपणात मानेला हिसका बसूनही असं होतं. पण बाळाच्या मानेची, छातीची आणि पोटाची तपासणी केल्याशिवाय ते गृहीत धरायचं नाही. आणि जन्मतः पापणी ठीक होती, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाल गाठ दिसू लागली आणि वाढत चालली, तर ती रक्तवाहिन्यांची गाठ. त्यावर २००८ पासून प्रोप्रानोलॉल हे रक्तदाबाचं जुनं औषध वापरलं जातं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी ते बाळाच्या हृदयासाठी दिलं आणि चेहऱ्यावरची गाठ विरताना पाहिली. हे औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीतच सुरू करायचं.

मार्कंड्याहून चामोर्शी, चामोर्शीहून गडचिरोली, तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास नागपूर. तिथलं मेडिकल कॉलेज, एम्स किंवा तिथली मोठी नेत्ररुग्णालयं. प्रत्येक ठिकाणी बाळ झोपलेलं किंवा रडत असणार आणि डॉक्टरांकडे वेळ थोडा. म्हणून घरून नेण्यासारखी खरी वस्तू म्हणजे फोनमधले फोटो. सावलीत, खिडकीसमोर, फोन बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर धरून काढलेले : सरळ पाहताना, खाली पाहताना, झोपेत पापणी पूर्ण मिटते का ते दाखवणारा, सकाळचा आणि संध्याकाळचा. दूध पितानाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. दर आठवड्याला एक फोटो, तारखेसह. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आईसाठी तर हे फोटो दुभाष्याहून भरवशाचे. तिने सांगितलेलं दोन तोंडांतून डॉक्टरांपर्यंत जाताना पापणी खाली होती की डोळा लहान होता, एवढा फरक सहज पुसला जातो.

आणि आईबाप दोघांनीही जावं. जमलं तर आजी-आजोबांचे तरुणपणीचे फोटोही न्यावेत, लग्नातले असतील ते. कारण आता जो आजार सांगणार आहे, त्याचं निदान अनेकदा बाळाकडे पाहून होतच नाही, बापाकडे पाहून होतं.

या बाळांचे दोन्ही डोळे आडवे आखूड असतात, पापण्या खाली असतात, दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतलं अंतर जास्त असतं आणि खालच्या पापणीतून निघालेली कातडीची घडी वर चढून आतला कोपरा झाकते. चौथी खूण महत्त्वाची. साध्या घडीचे डोळे अनेक समाजांत सहज आढळतात. त्या घड्या वरून खाली येतात. इथे घडी खालून वर जाते. मूल बसू लागलं की हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून पाहतं. शेजारपाजारचे त्याला आखडू समजतात, शाळेत मास्तर झोपाळू म्हणतात. बुद्धीला काहीही झालेलं नसतं. या आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला बीपीईएस म्हणतात. डोळ्याची फट आखूड असण्याला फॉन अमोन या जर्मन डॉक्टरांनी १८४१ मध्ये नाव दिलं, आणि चारही खुणांचं एकत्र वर्णन १८८९ मध्ये फ्रान्सच्या व्हिन्ये यांनी केलं. आतल्या कोपऱ्याची शस्त्रक्रिया साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात आणि पापणी उचलण्याची त्यानंतर वर्षभराने करतात. बाहुली झाकलेली असेल तर पापणी आधी उचलतात.

हा आजार आईबापांपैकी एकाकडून येतो, प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. कधी कुणाकडूनच न येता बाळातच नव्याने सुरू होतो. बापाला तो असेल तर बहुधा त्याला नाव मिळालेलं नसतं. ‘आमच्या घराण्याचे डोळेच बारीक’ एवढंच. घराण्याची ही चौकशी करता करता १९८३ मध्ये इस्रायलमधल्या झ्लोटोगोरा आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट मांडली. काही कुटुंबांत हा आजार फक्त बापांकडून पुढे जातो. आयांकडून नाही, कारण त्या कुटुंबांतल्या बारीक डोळ्यांच्या मुलींना मूलच होत नाही. त्यांची पाळी लवकर थांबते, कधी विशीत-तिशीतच. अशा कुटुंबांचा एक प्रकार आणि जिथे स्त्रियांना मुलं होतात तो दुसरा.

२००१ मध्ये या आजाराचं जनुक सापडलं. तिसऱ्या गुणसूत्रावरचं, फॉक्सएल-टू नावाचं. ते पापणीत काम करतं आणि अंडाशयातही. त्याच वर्षी शेळ्यांमधलं एक जुनं कोडं याच जागी येऊन सुटलं : बिनशिंगी जातीत काही माद्या नरासारख्या का निपजतात? त्यांच्यात या जनुकाच्या शेजारचा गुणसूत्राचा तुकडा गळालेला होता. २००९ मध्ये तर प्रौढ उंदरीच्या अंडाशयातून हे जनुक बंद केल्यावर अंडाशयाच्या पेशी वृषणाच्या पेशींसारख्या वागू लागल्याचं दिसलं. म्हणजे अंडाशय एकदा तयार झालं की झालं, असं नाही. ते अंडाशयच राहावं म्हणून हे जनुक आयुष्यभर काम करत असतं. पापणीच्या कडेला दिसणारी घडी हे त्याच्या बिघाडाचं बाहेर दिसणारं टोक आहे. हे वाचलं तेव्हा मला फार मोठं काहीतरी समजल्यासारखं वाटलं, आणि लगेच विदर्भातल्या कितीतरी आत्या आठवल्या, ज्यांना मूल नाही म्हणून माहेरी परत पाठवलं गेलं. त्यांच्यापैकी कुणाचे डोळे असे होते का, हे कुणी पाहिलं असेल?

म्हणून डॉक्टरांनी विचारायलाच हवा असा प्रश्न : बाळाच्या आत्याचे डोळे असेच आहेत का, आणि तिला मुलं आहेत का? हा प्रश्न चारचौघांत विचारायचा नाही. सासू-सासऱ्यांसमोर तर नाहीच.

जनुकाची तपासणी त्यामानाने सोपी आहे. फॉक्सएल-टू लहान आहे, एकाच सलग तुकड्यात लिहिलेलं. बाळाचं थोडं रक्त पुरतं आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो, बाळाला प्रवास करावा लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरणाखालचं केंद्र आहे. अहवाल मात्र ज्योतिषाच्या पत्रिकेसारखा वाचायचा नाही. जनुकातला बदल कुठला, यावरून पहिला प्रकार की दुसरा याचा अंदाज येतो, दर वेळी खात्री नाही. लहान मुलीच्या बाबतीत घरच्यांनी ‘हिला मूल होणार नाही’ असं तिच्या तिसऱ्या महिन्यातच ठरवून टाकणं हा अन्यायच होय. मुलगा असेल तर त्याच्या प्रजननाला या जनुकाने काही होत नाही, पण त्याच्या मुलींना होऊ शकतं. हे त्याला मोठेपणी ठाऊक असायला हवं.

मुलीसाठी करायचं ते असं. आत्ता डोळे, आणि फक्त डोळे : नजर, चष्मा, शस्त्रक्रियेची वेळ. वयात येताना स्त्रीरोगतज्ज्ञाची एक भेट, पाळी सुरू झाली का आणि नियमित आहे का याची नोंद, गरज पडली तर सोनोग्राफी आणि संप्रेरकांचं रक्त तपासणं. पाळी लवकर थांबली तर हाडं ठिसूळ होतात, त्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या देतात आणि त्या वेळेवर सुरू कराव्या लागतात. मूल हवं असेल तर लवकर विचार करायला, अंडी साठवायला किंवा दत्तक घ्यायला वेळ हाताशी असतो, पण तो तिला कळलं तरच. फाइलमध्ये डोळ्यांच्या कागदांबरोबर जनुकाचा अहवाल लावून ठेवावा, त्याच्या दोन प्रती काढाव्यात, आणि बाळाच्या पहिल्या फोटोंबरोबर तो फोनमध्येही असावा, कारण वीस वर्षांनी तो हवा असेल तेव्हा घर बदललेलं असेल आणि कदाचित आडनावही.

आत्यालाही हा अहवाल दाखवावा. तिच्या हाडांसाठीच्या गोळ्या अजून सुरू झाल्या नसतील, तर त्या या बाळामुळे सुरू होतील.